बोलकी पायरी

माझ्या थोरल्या बहिणीचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. दोन्हींना जोडणारा लाकडी जिना दुकानाच्या आतूनच वर जात असे. जिना अरुंद होता. पायऱ्यांची दोन्ही टोकं बाजूच्या जाड फळ्यांच्या खाचांत बसवलेली आणि खालून पाचरी ठोकून घट्ट केलेली. जुन्या सुतारांची ती पद्धत. साऱ्या जिन्यात खिळा म्हणून नव्हता. त्यातली वरून चौथी पायरी बोलकी होती. ती करकरत नसे. पाऊल पडलं की घुमत असे, आणि पाऊल उचलल्यावरही तो आवाज क्षणभर मागे राहत असे.

त्या आवाजावरून ताई स्वयंपाकघरात बसून कोण वर येतंय ते ओळखायची. "बाळ आला," असं ती माझ्याबद्दल आतूनच म्हणे. माझे केस पिकले तरी मी तिच्यासाठी बाळच होतो, आणि आहे. एकदा गंमत म्हणून मी भाऊजींसारखा जड पाय टाकत चढलो. आतून लगेच आवाज आला, "सोंगं पुरे झाली. दुकानाचं दार नीट लोटलंस का?"

भाऊजींचं दुकान वाद्यदुरुस्तीचं. मान मोडलेल्या गिटार, सैल खुंट्यांची व्हायोलिनं, शाळेतल्या पोरांनी एकमेकांच्या पाठीत घातलेली वाद्यं त्यांच्याकडे येत. एका कोपऱ्यात सरसाचं भांडं मंद आचेवर असे आणि त्याचा वास वरच्या गाद्या-उशांपर्यंत गेलेला होता. गल्लीत त्यांना 'ठकठक्या' म्हणत. कुठंही लाकूड दिसलं की ते बोटाच्या पेरानं वाजवायचं आणि कान जवळ न्यायचा, ही त्यांची खोड. दार, खुर्ची, दवाखान्यातला बाक, काही सुटत नसे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी चहा थंड होऊ दिला आणि टेबल तीन बाजूंनी वाजवून पाहिलं. "मुलीपेक्षा टेबलाशीच जास्त बोलले," असं आमची आई शेवटपर्यंत सांगायची. त्यावर ताईचं ठरलेलं उत्तर होतं, "टेबलानं नकार दिला, म्हणून मी यांच्या पदरात पडले."

दुसऱ्यांची मोडकी वाद्यं बरी करण्यात भाऊजींची उमेदीची वर्षं गेली. मनात मात्र एकच होतं: स्वतःच्या हातचं एक व्हायोलिन. उभ्या आयुष्यात एक तरी असं की ज्याच्या आत दुसऱ्या कोणाची चूक नसेल. त्यासाठी त्यांनी पाठीचं लाकूड कधीच मिळवून ठेवलं होतं, मानेचंही. राहिली होती ती पुढची फळी. व्हायोलिनचा आवाज त्या फळीत असतो. ती सरळ रेषांची, हलकी आणि पुष्कळ वर्षं वाळलेली लागते. तशी मिळत नाही म्हणून काम अडलंय, असं ते सांगत. मला वाटतं, तशी मिळत नव्हती हे त्यांच्या थोडं सोयीचंही होतं. घरात बायको, शाळेत जाणारी मुलगी. दुरुस्त्या सोडून बसायचं कसं?

मग शहरातल्या वाद्यवृंदाच्या मुख्य वादक बाई एकदा आपलं व्हायोलिन घेऊन दुकानात आल्या. उंच, कोरड्या बोलण्याच्या बाई. दुरुस्त झालेलं वाद्य त्यांनी तिथंच उभ्यानं वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांची आजारपणं किती दिवस काढणार? स्वतःचं एक करा. कार्यक्रमांच्या पुढच्या हंगामाच्या आधी करा. चांगलं वाजलं तर मी ते रंगमंचावर नेईन."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर तसं तोंडावर सांगेन. त्याला काय."

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे गेलो तेव्हा वर चर्चा रंगात आली होती. भाऊजींना वर्षभर दुरुस्त्या निम्म्यावर आणायच्या होत्या. हा हंगाम गेला तर बाई पुन्हा विचारणार नाहीत आणि आपण पुन्हा बसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताई एका कापडदुकानासाठी कोट उसवून मापात बसवून देण्याचं काम करायची. "मी मशीन जरा जास्त चालवीन," ती म्हणाली.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "मेहुणे, तुमचा चेहरा बघा. जळक्या गोदामाची पाहणी करायला आल्यासारखा."

"जमलं नाही तर काय, एवढंच मनात आलं."

"जमलं नाही तर आहे तिथंच आहे मी. घराला झळ लागू देणार नाही. शब्द देतो."

"झळ लागायला मी काय लोण्याची आहे?" ताई म्हणाली. "बसा एकदाचे करायला. नाहीतर म्हातारपणी माझ्या डोक्यावर ठकठक करत बसाल, आणि तिथून आवाज पोकळच येईल." भाची मोठ्यानं हसली. भाऊजीही हसले.

मी विम्याच्या कचेरीत काम करतो. धोका पत्करणारा एक असतो आणि नुकसान सोसणारा पुष्कळदा दुसराच निघतो, हे आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवतात. त्या दिवशी टेबलाभोवती आम्ही चौघं होतो, सगळे खुशीत होतो.

फळीचा शोध सुरू झाला. भाऊजी लाकडाच्या वखारी पालथ्या घालत होते, मोडीत निघालेल्या घरांचे वासे वाजवत होते. एकदा असेच हात हलवत परतले आणि जिना चढू लागले. चौथ्या पायरीवर पाय पडला आणि ते थांबले. खाली उतरले. पुन्हा चढले. पुन्हा उतरले.

"अहो, वर येताय की खाली जाताय?" ताईनं आतून विचारलं. "एकदा काय ते ठरवा."

उत्तर आलं नाही म्हणून ती बाहेर आली, तर हे जिन्यावर गुडघे टेकून, पायरीला कान लावून बसलेले. मला ही हकीकत भाचीनं सांगितली. "मामा, बाबांना मी हाक मारली तर मला म्हणाले, श्श, ती बोलतेय."

त्यांनी ती पायरी मागितली. दुसऱ्या कोणी न विचारता काढली असती. यांनी मागितली, हे नमूद करायला हवं. ताई म्हणाली, "ती गेली तर कोण आलं ते मला कळायचं कसं?"

"लोक हाक मारतील की."

"हाक मारून येतात ती परकी माणसं."

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "न्या. पण नवी पक्की बसवा. कोट घेऊन उतरताना माझे दोन्ही हात भरलेले असतात. खाली काय आहे ते मला दिसत नाही."

पायरी काढली त्या रविवारी मी तिथं होतो. पाचरी सोडवताना इतकी धूळ उडाली की आम्ही सगळे खोकत होतो. भाऊजींनी पायरी उजेडात धरली, वरचा काळपट थर एका जागी रंध्यानं काढला आणि आतलं फिकट, सरळ रेषांचं लाकूड मला दाखवलं. "बघा, मेहुणे. इतकी वर्षं मी हिच्यावर पाय देत होतो." नवी फळी त्यांनी वखारीतून आणली होती. हात लावला तर गार लागत होती. मी विचारलं तर म्हणाले, "जरा ओली आहे. ओलं लाकूड सुकताना अंग चोरतं. उन्हाळा लागला की पाचरी पुन्हा ठोकायच्या, की झालं." भिंतीवर उंच, दोन खुंट्यांवर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट ठेवलेलं होतं. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

नवी पायरी बसली. ती मुकी होती. पाय पडला तर नुसता थप्प असा आवाज.

त्यानंतरच्या महिन्यांत भाऊजी होते इतके शांत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. फळी चिरून दोन तुकडे सरसानं जोडले, पटाशीनं कोरून तिला पोट दिलं, मग ती दिव्यासमोर धरून खरवडत राहिले. मधेच पेरानं वाजवायचे, कान द्यायचे, पुन्हा खरवडायचे. दुरुस्तीची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली. वर ताईचं मशीन सकाळी लवकर सुरू व्हायचं. जेवायला बसली की ती मान दोन्ही बाजूंना वळवून मोडायची. "मालक मोठे कलावंत झाले की मला खुर्ची घ्या पाठीची," ती म्हणे. "आणि ती वाजवून घेऊ नका, बसून घ्या."

उन्हाळा लागता लागता व्हायोलिन वार्निशला आलं. वार्निश एका हातानं होत नाही. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. ओलं असताना धुळीचा कण बसला तर तो कायमचा आत राहतो. ऊन नाही, वारा नाही अशी जागा घरात एकच होती: जिन्याखालची. तिथं पडदा लावून त्यांनी ते टांगलं. घरात बाळंतीण असावी तसे सगळे हळू चालू लागले. भाचीनं दोरीवरच्या उड्या बंद केल्या. ताई केर काढायची ती ओल्या फडक्यानं.

आणि पायरी हलू लागली.

"अहो, चौथी सैल झालीय," ताई म्हणाली. मी समोर होतो.

"माहीत आहे. पाचरी सुटल्यात. दोनच हात राहिलेत वार्निशचे. तेवढे वाळले की ठोकतो."

"आज ठोका ना. हातोडीचे चार ठोके तर आहेत."

"अगं, ठोके चारच, पण त्या खाचांत शंभर वर्षांची धूळ आहे. खाली ते ओलं टांगलंय. सगळी त्याच्यावर."

"मग आधी ते हलवा."

"ओलं हलवता येत नाही. कुठं हलवू?"

"आणि मी पडले म्हणजे?" हे ती हसत म्हणाली.

"भिंतीच्या बाजूनं चढ-उतर कर. त्या पायरीवर पायच देऊ नकोस. थोडे दिवस."

त्या दिवशी निघताना मी ती पायरी ओलांडून उतरलो. भाची ओलांडायची, भाऊजी ओलांडायचे, ताई ओलांडायची. थोड्याच दिवसांत ते अंगवळणी पडलं. घर दुरुस्त करणं सोपं होतं, पण आम्ही सगळ्यांनी मिळून चालायचं वळणच बदललं.

पुढच्या आठवड्यात कापडदुकानाचा माणूस दुपारीच कोट न्यायला आला आणि खालून घाई करू लागला. भाची शाळेत होती. भाऊजी बाकावर बसून तारांखालची घोडी कापत होते. ताई छातीशी कोटांचा ढीग धरून उतरू लागली. भिंतीला लावायला हात मोकळा नव्हता, आणि ढिगाखालचं काही दिसत नव्हतं. पायऱ्या ती मनात मोजत उतरली असणार आणि कुठंतरी चुकली. पायरीचं एक टोक खाचेतून निसटलं. ती थेट खालपर्यंत आली. उजवा हात अंगाखाली दुमडला होता. कोट तिच्यावर पडले होते, म्हणून भाऊजींना आधी फक्त कोटच दिसले.

पडदा फाटला. व्हायोलिन दोरीवर जरा वेळ झुलत राहिलं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसलेले होते. बाक लाकडी होता. त्यांचे हात गुडघ्यांवर पालथे पडले होते.

"जुनी असती तर मला कळलं असतं," ते म्हणाले. "आवाजावरून कळलं असतं, ती कुठवर आली ते. मी उठलो असतो. हिचा आवाजच नाही."

मी म्हणालो, "भाऊजी, व्हायचं ते झालं."

"नाही, मेहुणे. माझ्याकडे कोरडी फळी होती. वर चादरीत गुंडाळलेली. चांगली वाळलेली, पायरीच्या मापाची. ती बसवली असती तर पाचर हलली नसती. पायरी काढली त्या दिवशीही होती."

"मग?"

"दुसऱ्या व्हायोलिनच्या पाठीसाठी ठेवली होती." ते म्हणाले. "पहिलं झालं नव्हतं अजून. मी दुसऱ्याची तयारी केली होती. कोरडं वाद्याला, ओलं घराला. कोणी विचारलंही नाही."

मी त्यांना धीर द्यायला हवा होता, असं आमच्या घरात पुढे म्हटलं गेलं. पण आत माझी बहीण होती, मी उठून तिच्याकडे गेलो.

मनगट जुळलं ते वाकडं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अर्धी मिटत आणि तिथंच अडत. डॉक्टरांनी चेंडू दाबायला दिला. ताई तो दाबायची, भिंतीकडे बघत. कात्री धरता येईना, सुई तर दूरच. कापडदुकानानं काही दिवस वाट पाहिली आणि मग दुसरी बाई लावली. मशीनवर भाचीनं चादर घातली. भाऊजींनी एका फर्निचरच्या कारखान्यात नोकरी धरली. सकाळी जाण्याआधी ते ताईची वेणी घालून द्यायचे. पहिल्या दिवसांत फार सैल होई. "सरस लावा मध्ये," ती म्हणायची. ते हसत नसत. पुढे तीही तसलं काही बोलेनाशी झाली.

व्हायोलिन तसंच पडून होतं, बिनतारांचं. त्याचा विषय शेवटी ताईनंच काढला. तिला चिडलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. तेव्हाही ती चिडून बोलली नाही, दमलेल्या आवाजात म्हणाली, "तारा लावा त्याला. माझा हात कशासाठी गेला ते मला ऐकू तरी द्या."

भाऊजींनी तारा लावल्या आणि बाईंना निरोप धाडला. त्या आल्या त्या दिवशी मी वर ताईपाशी होतो. भाऊजींनी बाईंना वर बोलावलं नाही. वाजवणं दुकानातच झालं. आधी खुंट्या पिळण्याचे बारीक आवाज आले. मग एक खालचा, लांब स्वर आला. तो घुमत जिन्यातून वर आला आणि थांबल्यावरही क्षणभर खोलीत राहिला.

ताईनं नकळत दाराकडे पाहिलं. वर येणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. मग मान वळवली.

"तीच आहे," ती म्हणाली.

बाई बराच वेळ वाजवत होत्या. ते फार चांगलं वाजत होतं. मला त्यातलं काही कळत नाही, तरी तेवढं कळत होतं, आणि त्यामुळे तिथं बसणं अवघड झालं होतं. वाईट वाजलं असतं तर निदान कोणाला तरी रागावता आलं असतं. थोड्या वेळानं ताई म्हणाली, "दार लोट रे, बाळ. पुरे झालं."

बाईंनी व्हायोलिन नेलं. कबूल केल्याप्रमाणे त्या हंगामात त्यांनी ते रंगमंचावर वाजवलं. मी आणि भाची गेलो होतो. भाऊजी आले नाहीत. ताईला जेवताना मदत लागे, हे कारण खरंही होतं. निघताना बाईंनी मला गाठलं. "त्यांना विचारा, दुसरं कधी?" मी निरोप पोचवला. भाऊजी ताटातला घास मोडून ताईच्या डाव्या हाताशी सरकवत होते. "ऐकलं," म्हणाले.

नंतर दोन-तीन वादक दुकान शोधत आले. भाऊजी कारखान्यातून आलेले असत, अंगावर भुसा. "दुरुस्ती असेल तर ठेवून जा," एवढंच सांगत.

चादरीतली फळी त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी खाली उतरवली. मी मदतीला होतो. त्यांनी ती वाजवून पाहिली नाही. मापानं कापली, खाचेत सरकवली, पाचरी ठोकल्या. चारच ठोके. मग प्रत्येक पायरीखाली, वरपासून खालपर्यंत, लोखंडी पट्ट्या मारल्या. ज्या जिन्यात खिळा नव्हता त्यात आता मोजता येणार नाहीत इतके स्क्रू आहेत. "भाऊजी, बाकीच्या तर घट्ट आहेत," मी म्हणालो. ते पट्टी धरून उभे होते. "घट्ट होती तीसुद्धा," म्हणाले.

आता त्या जिन्यातली एकही पायरी आवाज करत नाही. भाची दुसऱ्या गावी नोकरीला असते. मीही लवकरच निवृत्त होईन. रविवार सोडून अधूनमधूनही जाता येईल. ताई बहुधा खिडकीपाशी पाठीच्या खुर्चीत बसलेली असते. न सांगता कोणी दारात उभं राहिलं की ती दचकते, डावा हात उजव्या मनगटावर ठेवते. म्हणून आम्ही सगळे खालूनच हाक मारतो. मी "ताई, बाळ" म्हणतो आणि चढू लागतो.

परवा मी वर बसलो असताना भाऊजी कारखान्यातून आले. दुकानाचं दार वाजलं. मग काही नाही. जिन्याच्या पायथ्याशी ते उभे असावेत.

"अगं, मी आहे," त्यांनी खालून सांगितलं.

"बरं," ताई म्हणाली. "या."